मेंढीच्या गळ्यातला वायरलेस

हिराबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि माझ्या टेबलावर निळे पट्टे ओतले. मेंढ्यांच्या गळ्यात बांधायचे ते पट्टे आम्हीच बनवलेले होते. प्रत्येकावर काडेपेटीएवढं काळं खोकं, खोक्यात एक छोटा वायरलेस आणि एक सेल. पट्ट्यांना लोकरीचा, लेंड्यांचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता.

“ताई, हे समदे मुके झाले,” हिराबाई म्हणाल्या. “तुमची वस्तू तुमाला परत.”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी पोतं झटकलं, घडी घालून काखेत धरलं आणि चहा न घेताच निघाल्या. दारात थांबून एवढंच सांगितलं, की पट्टे घालून पंधरवडा होतो न होतो तोच सेल बसले, आणि दर पंधरवड्याला रानात एकेक मेंढी धरून सेल बदलत बसायला त्यांच्याकडं माणूस नाही.

नसीरनं एक पट्टा उचलून मीटरला लावला, बाजूला ठेवला, दुसरा उचलला. चौथ्या-पाचव्या पट्ट्यानंतर त्यानं मीटरच बंद केला. आम्ही दोघं त्या निळ्या ढिगाकडं बघत बसलो.

त्या दुपारी जे काम सुरू झालं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मजेचं काम ठरलं. इतक्या वर्षांच्या अनुभवातलं काहीतरी दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही.

माझं नाव मंगल. बीडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तिथंच एका दुकानात वायरलेसचे हातातले सेट दुरुस्त करायला लागले. जत्रेत, मिरवणुकीत बंदोबस्ताची माणसं खांद्याला लावून फिरतात तसले सेट. लोक तक्रार घेऊन यायचे, की दिवसभरात दोन वाक्यं बोललो नाही तरी संध्याकाळी बॅटरी संपलेली असते. मी सेट उघडायचे, बिघाड काही सापडायचा नाही. मग लक्षात आलं की सेट बोलत नव्हता हे खरं, पण दिवसभर ऐकत होता. आपल्याला वाटतं ऐकायला काय लागतं, कान तर उघडेच असतात. यंत्राचं तसं नसतं. हवेतून येणारी लाट इतकी बारीक असते, की ती पकडायला आतला सगळा कारखाना चालू ठेवावा लागतो. लहान वायरलेसमध्ये तर बोलायला लागते जवळजवळ तेवढीच वीज ऐकायलाही लागते, आणि बोलणं क्षणाचं असतं, ऐकणं दिवसभराचं.

ही एवढी एक गोष्ट डोक्यात घेऊन मी पुढं केजला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. नसीर नंतर आला. तो बीडचा, इंजिनिअर, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. मी तारा आणि अँटेना बघते, तो यंत्राच्या डोक्यात काय चालावं ते लिहितो. आमची यंत्रं जवळच्या जवळ बोलणारी. टाकीवरून मोटारीशी, विहिरीवरून घराशी. जिथं विजेची तार नेता येत नाही तिथं ती सेलवर चालतात, त्यामुळं आमचा खरा धंदा सेल वाचवण्याचा. कुणी विचारलं तर मी तसंच सांगते. लोकांना वाटतं मी सेल विकते.

घाटनांदूरला एका बागायतदारांच्या शेतावर आम्ही उंच टाकीला असं एक यंत्र बसवलं होतं. टाकीत पाणी किती आहे ते खाली घरात दिसायचं. नाव त्यांचं बाळासाहेब, माणूस दिलदार, पण त्यांना यंत्र सारखं काहीतरी करताना दिसायला हवं. पहिल्यांदा त्यांनी पाण्याची पातळी दर सेकंदाला दाखवायला लावली. सेल महिन्यात संपला. मी त्यांना विचारलं, की एवढी मोठी टाकी एका सेकंदात किती रिकामी होते. ते हसले. मग पाणी वीतभर वर-खाली झालं तरच यंत्रानं बोलायचं असं ठरवलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन, की यंत्र मेलंय, दिवा लागत नाही. मी सांगितलं की दिवा मीच काढलाय, कारण तो लुकलुकणारा दिवा वायरलेसपेक्षा जास्त वीज खात होता. त्यांना ते पटलं नाही. शेवटी घरातल्या यंत्राला, जे विजेवर चालतं त्याला, मी एक हिरवा दिवा बसवून दिला. तो कशाशीच जोडलेला नाही. त्यावर ते आजही खूश आहेत.

हिराबाईंनी टाकीचं हेच यंत्र आमच्या दारात मांडलेलं बघितलं होतं. बाजारच्या दिवशी त्या आणि त्यांचे मालक गेनबा केजला आले होते. दोघं पिढीजात मेंढपाळ. पावसाळ्यात धारूरकडच्या डोंगराला त्यांचा मुक्काम असतो, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कळप गोदाकाठाकडं निघतो, आणि उन्हाळा सरता सरता परत येतो. यंत्र काय करतं ते मी हिराबाईंना सांगितलं. त्या यंत्राकडं बोट करून म्हणाल्या, “टाकीत पाणी किती हाय ते इथं बसून कळतंय. मग माझी मेंढी मागं ऱ्हाईली ते कावून कळंना?”

मागं राहणं म्हणजे काय ते त्यांनीच समजावलं. गाभण मेंढी वेळ आली की कळपातून बाजूला होते आणि झुडपाच्या आडोशाला बसते. कळप पुढं सरकतो. हाकणाऱ्याच्या लक्षात येतं ते संध्याकाळी, वाघरीत मेंढ्या घालताना. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. तोवर कळप दोन-चार मैल पुढं आलेला असतो, आणि मागं लांडगे असतात. त्या वर्षी त्यांच्या सात-आठ मेंढ्या अशा गेल्या होत्या. शेवटची मेंढी हिराबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती. तिच्याबद्दल बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

नसीर त्याच दिवशी कागद घेऊन बसला. प्रत्येक मेंढीच्या गळ्यात एक पट्टा, आणि गेनबांच्या घोड्यावर एक मोठी डबी. पट्ट्यांनी सारखं “मी आहे, मी आहे” म्हणायचं. एखादी म्हणायची थांबली की डबी वाजणार. डबीला उन्हावर चालणारी छोटी सोलरची पाटी. कागदावर सगळं झकास होतं. त्याचं काय झालं ते तुम्ही वर वाचलंच. वाईट हे, की एखाद्या पट्ट्याचा सेल बसला की मेंढी समोर उभी असतानाही डबी ती हरवली म्हणून वाजायची. गेनबा एकदा अशाच एका मेंढीला शोधायला अख्खा डोंगर चढून गेले आणि परत आले तर ती वाघरीत रवंथ करत होती. त्यानंतर त्यांनी डबी गोधडीत गुंडाळून ठेवली.

पट्टे परत आले त्या आठवड्यात मी एक नाजूक मीटर मागवला. वीज क्षणाक्षणाला किती खर्च होते ते तो पडद्यावर रेघ काढून दाखवतो. पट्टा जोडला आणि बघायला लागलो. बोलण्याच्या क्षणी रेघ काट्यासारखी उंच जायची आणि लगेच खाली यायची. पण खाली पार तळाला जायची नाही. मध्येच एका उंचीवर सपाट चालत राहायची, पुढच्या काट्यापर्यंत.

“हे ऐकतंय,” मी म्हणाले.

“कुणाचं?”

“डबीचं. तू सांगितलंयस ना, डबी काही विचारेल म्हणून कान उघडे ठेव.”

“पण डबी दिवसात एकदा विचारती.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. वायरलेसच्या सेटचा तोच जुना आजार, मी वीस वर्षांपूर्वी पाहिलेला, आमच्याच यंत्रात येऊन बसला होता. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला. आजार ओळखीचा निघाला की अर्धं काम होतं. नसीरनं संध्याकाळपर्यंत नवीन हुकूम लिहिले: बोल, डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ ऐक, आणि झोप. आता रेघ खरोखर तळाला गेली, इतकी की पडद्यावर दिसेना. पंधरवड्याचा सेल हिशेबानं महिने चालणार होता.

मग आम्हाला हाव सुटली. हा धंद्यातला मोठा गमतीचा भाग आहे. एकदा वीज वाचायला लागली की प्रत्येक ठिकाणी ती सांडताना दिसते. मी आठ-दहा दिवस कळपाबरोबर काढले. दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोळा होऊन उभ्या राहतात. मेंढी म्हणजे वायरलेसच्या दृष्टीनं पाण्याची भरलेली घागर, लाट तिच्यातून पार जात नाही. खोकं गळ्याखाली, वर मान, बाजूला दुसरी मेंढी. उत्तर आलं नाही म्हणून बिचारा पट्टा पुन्हा पुन्हा ओरडायचा आणि सेल खायचा. मी रचना उलटी केली. अँटेना मानेवर घेतली आणि सेल गळ्याखाली लोंबता ठेवला, म्हणजे त्याच्या वजनानं अँटेना कायम वरच राहील. शिवाय आणखी खालच्या पट्टीतला, म्हणजे लांब लाटेचा वायरलेस घेतला, त्याची लाट अंगाला वळसा घालून जाते. हाक हलकी झाली तरी पोचायला लागली. ओरडणाऱ्या माणसाला जवळ बोलावून हळू बोलायला सांगावं, तसं ते झालं.

नसीरनं त्यावर कळस चढवला. पट्ट्यात हालचाल ओळखणारा एक कणभर सेन्सर टाकला. मेंढी चालत असेल तर पट्ट्यानं वरचेवर बोलायचं, बसलेली असेल तर अर्ध्या तासानं एकदा. बसलेली मेंढी जाणार कुठं? नव्या पट्ट्यांचा सेल दोन वर्षं चालेल असा हिशेब निघाला. आम्ही वर्कशॉपात तो आकडा पुन्हा पुन्हा मांडून बघितला. मला रात्री झोप नीट लागली नाही, आणि नसीरलाही लागली नव्हती हे सकाळी त्याच्या डोळ्यांवरून दिसलं.

पट्टे घालून आम्ही दोघं कळपाबरोबर निघालो. डोंगराच्या पायथ्याचा माळ, मधून एक कोरडा ओढा, कडेनं बोरीची झुडपं. गेनबा पुढं, हिराबाई मागं, घोड्यावर डबी. डबीवर सगळ्या मेंढ्यांची हजेरी व्यवस्थित. दुपार कलली तेव्हा हिराबाई थांबल्या, कळपावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या की कानफाटी दिसत नाही. एक कान चिरलेला म्हणून त्या मेंढीचं हे नाव.

मी डबी बघितली. कानफाटी हजर दाखवत होती.

नसीरचा चेहरा उतरला. माझ्याही लक्षात यायला वेळ लागला नाही. कानफाटी व्यायला बसली होती. बसलेली होती म्हणून पट्टा झोपला होता. तो शेवटचा बोलला तेव्हा कळप शेजारी होता, आणि पुढची अर्ध्या तासाची पाळी अजून यायची होती. जी मेंढी शोधायला आम्ही हे सगळं केलं, नेमकी तीच गप्प होती.

गेनबा कुत्रं घेऊन ओढ्याच्या पलीकडच्या काठानं परत फिरले. नसीर कळप राखायला थांबला. तो म्हणाला की ताई, तिची पाळी येईल तेव्हा तुम्ही तिच्या टप्प्यात असायला पाहिजे, न्हाई तर पुन्हा अर्धा तास. हिराबाई आणि मी डबी घेऊन आलेल्या वाटेनं निघालो, निघालो कसल्या, पळतच होतो. उंचवट्यावर चढून मी डबी डोक्यावर धरली. उंचावरून जास्त ऐकू येतं. काही नाही. वेळ भरत आली, भरली, सरली. काही नाही. म्हणजे ती बोलली असणार आणि आम्ही टप्प्याबाहेर असणार, किंवा ती खोलगट जागी असणार आणि मातीच्या दरडीनं हाक अडवली असणार.

“वढ्यात बसली असंल,” हिराबाई म्हणाल्या. मीही तोच विचार करत होते. आम्ही ओढ्यात उतरलो आणि वाळूतून मागं मागं चालत राहिलो. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. दर वळणावर मी थांबायचे, डबीकडं बघायचे, पुन्हा चालायचे. मला आयुष्यात कधी कशाची एवढी वाट बघितल्याचं आठवत नाही. आणि डबी वाजली. एकदाच, टिक्. पडद्यावर कानफाटीचा नंबर, आणि हाक किती दणकट आली ते दाखवणाऱ्या तीन रेघा. तीन म्हणजे अगदी जवळ.

मी हिराबाईंचा हात धरला. त्यांनी तोंडावर तळवे धरून मेंढीला घालतात ती हाक घातली. दरडीखालच्या बोरीच्या जाळीतून बारीक आवाज आला. त्याच वेळी पलीकडून गेनबा ओरडत आणि दगड फेकत येताना दिसले. त्यांच्या कुत्र्यानं समोरच्या काठावर लांडगा उठवला होता. तो आमच्याकडं एकदा वळून बघून सावकाश निघून गेला. त्याला काही घाई नव्हती.

कानफाटी जिवंत होती. एक कोकरू तिच्या पोटाशी उभं राहायला धडपडत होतं. दुसरं पडलेलं होतं, ते आधीच गेलं होतं. हिराबाईंनी ते हातात घेऊन तोंडात फुंकर घालून बघितलं, पाठ चोळली, मग वाळूत ठेवलं. अर्धा तास आधी पोचलो असतो तर, असं मी म्हणणार होते. त्याआधीच त्यांनी, उपयोग झाला नसता अशी मान हलवली. पण तो अर्धा तास आमच्या आकड्यातला होता, आणि मी अजूनही तो विसरलेले नाही.

परत येताना हिराबाईंनी कोकरू पदरात घेतलं होतं. मी कानफाटीच्या पट्ट्याला मीटर लावून बघितला. सेल काठोकाठ भरलेला. एवढी ताकद गळ्यात असताना ती गप्प राहिली, कारण गप्प राहायला आम्हीच तिला शिकवलं होतं. आम्ही वीज वाचवली होती, पण ती कशासाठी वाचवायची हे ठरवलंच नव्हतं. चालता चालता माझ्या डोक्यात ते उलटं फिरलं आणि मी वाटेतच थांबले.

कळपाजवळ पोचलो तेव्हा नसीर घोड्यापाशी उभा होता. मी त्याला म्हणाले, “हजेरी बंद कर. कुठल्याच मेंढीनं बोलायचं नाही.”

“मग कळणार कसं?”

“बोलायचं डबीनं. तिला उन्हाची वीज आहे, तिला काय कमी. डबी ठरल्या वेळी म्हणेल, मी इथं आहे. मेंढीनं तेवढ्या क्षणापुरता कान उघडायचा, ऐकायचं आणि झोपायचं. बसलेली असो, चालत असो, सारखंच. आणि लागोपाठ दोन-तीन वेळा डबीचा आवाज आला नाही, तर तिला कळलं की कळप गेला. मग तिनं ओरडायचं. हळू नाही, होती नव्हती ती सगळी ताकद लावून.”

नसीरनं माझ्या हातातली डबी घेतली. मग म्हणाला, “पण डबीचा आवाज तिच्यापर्यंत पोचंना, मग तिचा डबीपर्यंत कसा पोचणार?” आणि मी तोंड उघडायच्या आत त्यालाच उत्तर सापडलं. “डबीला मुद्दाम हळू बोलू द्यायचं. म्हणजे थोडं मागं पडल्याबरोबर ऐकू यायचं बंद. पण मेंढीची आरोळी त्याच्या चारपट लांब जाईल.”

आम्ही दोघं हसायला लागलो. गेनबा आमच्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, उन्हानं डोकी फिरली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. क्षणापुरता कान उघडायचा म्हणजे प्रत्येक पट्ट्याचं घड्याळ डबीच्या घड्याळाशी जुळलेलं हवं. वर्कशॉपात ते जुळत होतं. मग कळप गोदाकाठी असताना मी एप्रिलातल्या उन्हात पट्टे वर्कशॉपच्या पत्र्यावर मांडले. दुपारी डबी पिसाटल्यासारखी वाजायला लागली, सगळ्याच मेंढ्या हरवल्याच्या आरोळ्या. पट्ट्यातलं घड्याळ म्हणजे स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो, तो उन्हानं तापला की मागं पडतो. डबी मात्र खाली वर्कशॉपात सावलीत होती. त्यामुळं डबी बोलून मोकळी व्हायची आणि पट्टे उशिरा कान उघडायचे. मी पत्र्यावर शिडी लावून वर बसले, डोक्याला ओला पंचा, आणि ऊन वाढेल तसं घड्याळ किती मागं पडतं ते खाली नसीरला ओरडून सांगत राहिले. तो ते पट्ट्यांना शिकवत गेला: इतकं तापलं तर घड्याळ इतकं पुढं घे. शेजारचा टायरवाला विचारून गेला, की ताई, पापड वाळवताय का. मी हो म्हणाले. समजावून सांगायला वेळ नव्हता. चौथ्या का पाचव्या दुपारी ऊन अगदी तापलेलं असताना डबी एकदाही वाजली नाही. मी खाली उतरले तेव्हा हाताला फोड आले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर कळप नवे पट्टे घालून गोदाकाठाकडं निघाला. मी हिराबाईंना सांगितलं की आता डबी वाजली तर खरंच काहीतरी आहे असं समजा. त्यांनी मान हलवली, पण वेळ पडली तर गुंडाळता यावी म्हणून डबी त्यांनी गोधडीशेजारीच ठेवली, ते मला दिसलं. विश्वास एकदा गेला की यंत्र बदलून परत येत नाही. तो त्याच्या वेळेनं येतो.

पुढचे काही आठवडे मी फोन वाजला की दचकायचे. एक दिवस सकाळी त्यांचाच फोन आला. मागं वारा होता, कुत्रं भुंकत होतं, आणि एक आवाज मला लगेच ओळखू आला. डबी वाजत होती.

“ताई, वाजतीया,” हिराबाई म्हणाल्या. “मालक मागं पळालेत. मी समदी मेंढरं मोजली, एक कमी हाय. खरंच कमी हाय.”

मी त्यांना डबी घेऊन हळूहळू फिरायला सांगितलं, आणि कुठल्या दिशेला रेघा वाढतात ते बोलायला सांगितलं. एक रेघ, एक रेघ, दोन. नसीर माझ्या खांद्यावरून फोनकडं कान लावून उभा होता. हिराबाई चालत होत्या, धापा टाकत होत्या, मध्येच गेनबांना हाका मारत होत्या. मग त्यांचं बोलणं थांबलं. नुसता वारा. मला वाटलं फोन कट झाला. आणि मग त्या म्हणाल्या, “दोन कोकरं हायती, ताई. दोन्ही उभी हायती.”

नसीर खाली बसला. मी फोन तसाच धरून होते. पलीकडं गेनबा डबी कशी बंद करायची ते विचारत होते.

त्या हंगामात डबी आणखी बऱ्याचदा वाजली. प्रत्येक वेळी मेंढी सापडलीच असं नाही. एक पट्टा तर गोदाकाठच्या उसात कुठंतरी गेला, मेंढीसकट, आणि टप्प्याबाहेर असल्यानं त्याची आरोळी कुणाच्याच कानी आली नाही. त्यात सेल भरपूर होता. तो किती दिवस हाका मारत राहिला असेल, हा विचार मी फार वेळ करत नाही.

कळप परत आला तेव्हा आम्ही केजच्या अलीकडं रस्त्यावर जाऊन थांबलो. नवीन सेलांचं खोकं बरोबर घेतलं होतं, हंगामभर चाललेत म्हणजे आता बदलावेच लागतील असं धरून. रस्ताभर मेंढ्या, मागं तुंबलेली जीप हॉर्न वाजवतेय, आणि नसीर मीटर घेऊन मेंढ्यांच्या मधून वाकून चाललाय. एकेका पट्ट्याला मीटर लावायचा आणि मला आकडा ओरडून सांगायचा. मला वाटलं तो चुकतोय. मी स्वतः एक मेंढी धरली. आकडा खरा होता. एवढा उन्हाळा, एवढी चाल होऊनही सेल पाव हिस्साही उतरला नव्हता.

गेनबांनी घोडा बाजूला घेतला आणि आता पट्टे सोडून द्यायचे का, असं विचारलं. चाचणी संपली होती, वस्तू आमची होती, तसं ठरलंही होतं.

मी काही बोलायच्या आत हिराबाई पुढं आल्या. “सोडायचे कावून?” त्या म्हणाल्या. “अजून ऐकत्यात न्हवं त्या.”

त्यांनी कळपाला हाक घातली आणि मेंढ्या हलल्या. जीप मोकळी झाली. नसीरनं सेलांचं खोकं न उघडताच गाडीच्या मागच्या सीटवर परत टाकलं, आणि आम्ही धूळ बसेपर्यंत तिथंच उभे राहिलो.